घरी डिस्क-पॅड बदलले आणि चाकातून घासल्याचा आवाज सुरू झाला: लातूरमधला अनुभव

गाडीच्या ब्रेकचं काम स्वतःच्या हाताने केलं, सगळे नट-बोल्ट पुस्तिकेप्रमाणे आवळले, गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि चाकातून 'श्श... श्श... श्श...' असा आवाज यायला लागला, तर पोटात गोळा येतो. ब्रेक आहे, गंमत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मी यातून गेलो. त्या वेळी मला कुणी ओळीने सांगितलं असतं की आधी काय बघायचं आणि मग काय, तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती. म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी स्विफ्ट, पेट्रोल, फेब्रुवारी २०११ ची नोंदणी. पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी चकती दोन पॅडमध्ये दाबली जाते), मागे ड्रम ब्रेक. मी लातूरच्या एका दाल मिलमध्ये वजनकाट्यावर आणि हिशेबाला असतो. मेकॅनिक नाही, पण मिलच्या फिटरदादांसोबत उठबस असल्यामुळे पान्यांची भीती गेलेली आहे. तेल, फिल्टर, प्लग, मागचे ब्रेक शू एवढं घरीच करतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गाडी सासुरवाडीला, मांजरा नदीकाठच्या गावात अडकली. पाणी निम्म्या चाकापर्यंत चढलं आणि ओसरायला वेळ लागला. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच भागात गाडी पाण्यात उभी राहावी, हे मनातून जात नव्हतं. इंजिनात पाणी गेलं नाही, हे नशीब. विमा फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. पण चारी चाकांत गाळ बसला आणि दिवाळीपर्यंत पुढच्या दोन्ही डिस्कवर गंजाचे खोल खड्डे पडले. ब्रेक दाबला की पेडल थरथरायचं.

त्यात फेब्रुवारीत नोंदणीची १५ वर्षं संपत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे वापरायची असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं आणि गाडी आरटीओला तपासणीसाठी न्यावी लागते. हा अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो, त्याहून आधी नाही. त्यामुळे डिसेंबरमध्ये ब्रेक नीट करायचे, जानेवारीत अर्ज करायचा, असं ठरवलं.

औसा रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पुढच्या दोन डिस्क ३,४०० रुपयांना आणि पॅडचा सेट १,१५० ला घेतला. ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणि ब्रेक ऑइलची बाटली यांचे मिळून ७०० च्या आसपास झाले. जीएसटीचं पक्कं बिल मागून घ्या. दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर शे-दोनशे कमी करतो, पण पुढे माल परत करायची वेळ आली की त्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही.

एका रविवारी काम केलं. पुराचा गंज इतका घट्ट होता की जुनी डिस्क हबवरून (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) हलेना. डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की डिस्क सुटून पुढे येते. उजवी तशी आली. डावीला बोल्टसोबत रबरी हातोडाही लागला. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल क्लीनरने पुसलं, पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे दाबला, कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला ग्रीस लावलं, पॅड बसवले. पिस्टन मागे दाबताना वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं, तिकडे लक्ष ठेवा. ते रंगावर सांडलं तर रंग उडवतं. पिनला साधं काळं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. पेडल कडक, ब्रेक सरळ, थरथर नाही. फक्त डाव्या बाजूने तो आवाज.

नव्या पॅडचा थोडा आवाज येणं नैसर्गिक आहे, हे आधी सांगतो. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे खेचणारी स्प्रिंग बहुतेक छोट्या गाड्यांत नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी रबरी सील दाब सुटल्यावर पिस्टनला केसभर मागे घेतं, तेवढंच. त्यामुळे चाक हाताने फिरवलं तर पॅड किंचित टेकलेला जाणवतोच. मी आठवडाभर वाट पाहिली, मोकळ्या रस्त्यावर वेग वाढवून हळूहळू कमी करत पॅड बसवून घेतले. उजवं चाक गप्प झालं, डावं नाही.

दुकानदार म्हणाला, "नवीन माल आहे, बसंल हळूहळू." एका गॅरेजमध्ये दाखवलं, तिथे चाक न काढताच सांगितलं की हब, बेअरिंग आणि कॅलिपर तिन्ही बदला, ९,००० च्या पुढे जाईल. मला त्या आकड्यापेक्षा याचं वाईट वाटलं की तीन भाग सांगितले, पण त्यातला एकही तपासला नाही. गाडी घेऊन घरी आलो आणि ठरवलं, आवाज नेमका कशाचा हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की हवी. पेडल मऊ लागत असेल, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकाजवळ जळका वास किंवा धूर येत असेल, तर यातलं काहीही घरी करत बसू नका. गाडी उभी करा आणि उचलून न्या. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं, म्हणून मी शांतपणे पुढे गेलो.

पहिलं काम आवाज ऐकायचं. एमआयडीसीत लांबलचक कंपाउंडच्या भिंती आहेत. सकाळी वर्दळ नसताना खिडक्या उघड्या ठेवून भिंतीला खेटून अगदी हळू गाडी चालवली. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे फार स्पष्ट ऐकू येतं. मुलगी शेजारी बसली होती. बारावीचं वर्ष, तरी हौसेने आली. टायरच्या बाजूला आम्ही खडूने मोठी खूण केली होती. ती खिडकीतून बघत होती आणि म्हणाली, "पप्पा, खूण वर आली की प्रत्येक वेळी आवाज यायलाय." म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच. ही फार मोलाची माहिती होती. सतत, न तुटता घासत असेल तर पॅड किंवा कॅलिपर अडकल्याचा संशय घ्यायचा. फेऱ्यात एकदाच येत असेल तर फिरणारं काहीतरी एका ठिकाणी वाकडं आहे, नाहीतर उंच आहे. वळणावर भार बदलला की घरघर वाढत असेल तर बेअरिंगकडे बघायचं. आमचा आवाज वळणावर बदलत नव्हता.

मग उष्णता. पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत गेलो, शेवटी गाडी आपोआप थांबू दिली. ब्रेक चिकटलेला असेल तर ते चाक दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. हात लावू नका, भाजतं. मिलमध्ये मोटरी तपासायला लांबून तापमान दाखवणारी गन आहे, ती मागून आणली होती. डावी डिस्क उजवीपेक्षा थोडी गरम होती, पण थोडीच. कॅलिपर जाम नाही, असा अंदाज आला.

पुढच्या रविवारी गाडी उचलली. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकसोबत घोडी, म्हणजे गाडीखाली टेकवायचा पक्का स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाक वर-खाली आणि मग डावी-उजवीकडे धरून हलवलं. खडखड नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. चाक काढून बॅटरीच्या उजेडात डिस्कमागचा पत्रा पाहिला. चिखल-पाणी उडू नये म्हणून जो पातळ पत्रा असतो, तो खालच्या कडेला डिस्ककडे झुकलेला होता आणि तिथे चकचकीत रेघ उमटली होती. जुनी डिस्क काढताना दणका बसला असणार. हाताने बाहेर वाकवला, मधे जाड पुठ्ठा सहज फिरेल एवढं अंतर केलं. वाटलं, झालं काम.

आवाज बदलला, पण गेला नाही. आधी त्यात पत्र्याची बारीक चिरचिर होती, ती गेली. 'श्श' मात्र राहिला. इथे बरेच लोक हात टेकतात, कारण दोष सापडूनही आवाज राहतो. एकाच चाकात दोन आवाज असू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

मी फिटरदादांना फोन केला. ते म्हणाले, "चाक काढल्यावर डिस्क हबवर ढिलीच असती. तशी फिरवून बघितली तर वाकडीच दिसणार. नट लावा की आधी, मग बघा." ही सूचना लाखमोलाची आहे. डिस्क हबवर दाबून धरतात ती चाकाचे नटच. म्हणून प्रत्येक स्टडवर (हबमधून बाहेर आलेला, चाकाचा नट बसतो तो बोल्ट) जाड वॉशर घालून नट आवळले, डिस्क हबला घट्ट बसली, आणि मगच तपासायला सुरुवात केली.

आधी ब्रेक ऑइलचा दाब अडकतोय का ते पाहिलं. मुलीला पेडल दाबून सोडायला सांगितलं आणि लगेच डिस्क फिरवली, ती जेवढी आधी जड होती तेवढीच. मग कॅलिपरच्या निपलला (ऑइल-हवा बाहेर काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी लावून, तिचं दुसरं टोक ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, निपल किंचित ढिलं केलं. आत दाब कोंडला असता तर चिळकांडी उडाली असती आणि डिस्क मोकळी झाली असती. तसं झालं असतं तर संशय रबरी पाइपवर किंवा मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) गेला असता. पाइप आतून फुगला की ऑइल जातं, पण लवकर परत येत नाही. इथे फक्त थेंब आला आणि डिस्कमध्ये फरक शून्य. निपल आवळलं, टाकीतली पातळी बघितली. दोन्ही स्लाइड पिन बोटाने सरकत होत्या. पॅडचे कान क्लिपमध्ये अडकत नव्हते.

उरली डिस्क. कॅलिपर काढून तारेने वर बांधला (पाइपवर लोंबकळत कधीच ठेवू नका), खडू टेकवून धरला आणि डिस्क हळूहळू फिरवली. एका बाजूलाच पांढरी रेघ उमटली. मग मिलमधून डायल गेज (सुईने बारीकसा फरक दाखवणारं मापयंत्र) आणि त्याचा मॅग्नेट स्टँड आणला. रोलरचं अंतर जुळवताना फिटरदादा तो वापरतात. स्टँड नकलला (हबला धरून ठेवणारा न फिरणारा भाग) चिकटवला, सुईचं टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं. डिस्क फिरायला लागली तशी सुई सरकत गेली, थांबली, परत फिरली. एकूण फरक ०.२४ मिलिमीटर. छोट्या गाड्यांत हा फरक साधारण ०.१० च्या आत लागतो.

आता सरळ वाटतं की डिस्क वाकडी, दुकानात परत द्या. मी दुकानात विचारलंही. बिल दाखवलं, वॉरंटी होती. पण डिस्क कंपनीकडे तपासणीला जाणार, तिकडून होकार आला तर बदलून मिळणार, तीन ते चार आठवडे. तोवर गाडी उभी किंवा दुसरी डिस्क विकत. जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता आणि आरटीओची तारीख तोंडावर. म्हणून डिस्क द्यायच्या आधी दोष तिचाच आहे याची खात्री हवी होती.

यासाठी फिटरदादांनी सांगितलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. डिस्कवर जिथे सुई सगळ्यात वर गेली, तिथे मार्करने टिंब केलं आणि त्याच्यासमोरच्या स्टडलाही रंग लावला. मग नट काढून डिस्क हबवर अर्धी फिरवून बसवली, म्हणजे चार स्टडमध्ये दोन जागा पुढे. नट पुन्हा आवळले, पुन्हा डायल लावला. उंच जागा डिस्कवरच्या टिंबाबरोबर गेली असती तर डिस्क दोषी. ती रंगवलेल्या स्टडजवळच राहिली. डिस्क निर्दोष होती, दोष तिच्या मागे होता.

डिस्क उतरवली. हबची बैठक वरवर बघता तपकिरी आणि सपाट दिसत होती. बॅटरी आडवी धरली तेव्हा त्या रंगवलेल्या स्टडच्या मुळाशी गंजाची खपली दिसली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी, नखाने उचलली तर कोपरा सुटला. नव्या डिस्कच्या मागच्या बाजूला बरोबर तिथेच तिचा डाग उमटलेला. वायर ब्रश मी डिस्क बसवतानाही फिरवला होता, पण स्टडच्या अगदी मुळाशी ब्रश पोहोचत नाही. हबची बैठक लहान, डिस्क जवळपास दुप्पट व्यासाची. त्यामुळे मध्याशी कागदाएवढी उंची असली तरी कडेला तो फरक वाढून दिसतो.

ही जागा साफ करायला ग्राइंडर लावू नका, हबचंच लोखंड खाल्लं जातं आणि मग खरंच वाकडेपणा येतो. आमच्या भागात लेथवाले चाचा आहेत. त्यांना स्टड दाखवला तर म्हणाले, "एवढ्याला कशाला घाबरायलाव? थांबा." स्टडवर सैल बसेल असा पाइपचा तुकडा कापला, त्याचं तोंड लेथवर सरळ केलं, त्याला पॉलिश पेपरची चकती चिकटवली आणि दुसऱ्या टोकाला धरायला दांडी वेल्ड केली. ११० रुपये घेतले. तो पाइप स्टडवर घालून हाताने फिरवला की मुळाशी लख्ख धातू दिसतो. मधल्या भागाला वायर ब्रश आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर. डिस्कच्या मागची बैठकही तशीच पुसली. धूळ क्लीनरने धुतली.

डिस्क चढवण्याआधी डायल थेट हबवर लावला. ०.०२. हब सरळ आहे, बेअरिंगचा खर्च वाचला, हे तिथेच कळलं आणि खरं सांगतो, मी जमिनीवर बसूनच मोठ्याने हसलो. डिस्क बसवून मोजलं तर ०.०६. मग उजव्या चाकाचंही तेच केलं. आवाज नसला तरी तिथेही ०.११ होतं, साफ केल्यावर ०.०५ आलं.

चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. माझ्या पुस्तिकेत ८५ न्यूटन-मीटर आहे, तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या. टॉर्क पाना मिलचाच वापरला. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने एक नट गच्च आणि दुसरा सैल बसला तर सरळ डिस्कही पुन्हा डगमगू शकते. म्हणून तिथे चाक काढलं तर घरी येऊन नट ढिले करून पुन्हा आवळतो.

बार्शी रोडला गाडी नेली, परत त्याच भिंतीजवळून आणली. पहिले काही किलोमीटर बारीक, एकसारखी सळसळ होती, पॅड नव्याने बसत होते. नंतर काहीच नाही. मुलगी खिडकीतून खडूची खूण बघत होती, खूण फिरत राहिली आणि आवाज आला नाही.

जानेवारीच्या शेवटी परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २५ भरला. नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. पीयूसी आणि विमा चालू असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, ते आधी करून ठेवा. वेळ घेऊन फेब्रुवारीत गाडी आरटीओला नेली. सकाळी रांगेत लागलो, दुपारी नंबर आला. अधिकाऱ्यांनी चेसीस नंबर, दिवे, टायर पाहिले, गाडी थोडी चालवून ब्रेक दाबायला सांगितला, आणि पुढे जा म्हणाले. नोंदणी ५ वर्षांनी वाढली. आरसीचं नवीन कार्ड टपालाने येतं, पत्ता अर्जात नीट तपासा. माझं अजून आलेलं नाही, संकेतस्थळावर मात्र नवी तारीख दिसते.

आवाजाचा शोध घेताना नवा खर्च झाला तो चाचांचे ११० आणि पॉलिश पेपर, नळी, वॉशर यांचे दोनशेच्या आत. डायल गेज मिळत नसेल तर खडूवर आणि डिस्क अर्धी फिरवून बघण्यावरही काम भागतं, कारण आकडा कळला नाही तरी उंच जागा कुणाबरोबर फिरते ते कळतं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे ड्रमही उघडून बघा. माझ्या ड्रममध्ये गाळाचा थर निघाला आणि त्यांचं काम येत्या रविवारी करणार आहे.